मागावरची कापलेली साडी

१

नुसतं ऐक वं. मधात काही विचारू नको, तो फोन पालथा ठेव अन् ऐक. ऋतुजानं हे सगळं आपल्या डोळ्यानं पाहिलं आहे, अन् सांगताना अजूनही तिचा आवाज बारीक होते.

ऋतुजा धरमपेठेतल्या त्या समुपदेशन केंद्रात लागली ना, घरातल्या मारझोडीच्या केसेस येतात तिथं. मानसशास्त्राची एमए, चारच महिने झाले होते लागून, सगळं पुस्तक डोक्यात ताजं. अन् तिच्या वरच्या मॅडम म्हणजे कामिनीताई. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, बोलणं कमी अन् ऐकणं जास्त. आधी आधी ऋतुजाले वाटायचं, ह्या बाईले काही येतच नसंल.

तं एका मंगळवारी सकाळी सुशील नावाचा माणूस आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, चप्पल दाराबाहेर काढून आत येणारा. इतवारीत भांड्याच्या ठोक दुकानात मॅनेजर. त्यानं टेबलावर एक मोठा फोटो ठेवला अन् डोळे पुसले.

फोटोत खड्ड्यातला हातमाग होता, गोळीबार चौकाकडं विणकरांच्या घरी असते तसा. त्याच्यावर टसर रेशमाची करवतकाठी साडी अर्धीअधिक विणून झालेली, अन् ती सगळी कैचीनं कापलेली. चिंध्या वं, नुसत्या चिंध्या. त्याची माय जिजाबाई अडीच महिने बसली होती त्या साडीवर. डोळे अधू झालेले, तरी रोज चार बोटं विणायची. सहा वर्षांच्या नातीसाठी, मायासाठी. लग्नात नेसवीन म्हणे.

सुशीलचं म्हणणं सरळ होतं. मागच्या महिन्यातला गुरुवार. माय अकरालेच भजनाले गेली, पोट्टी शाळेत, तो एक वाजता जेवायले घरी आला तं साडी अशी अन् कैची बायकोच्या उशीपाशी. बायको वेदिका झोपलेली. त्यानं तिथंच फोटो काढला.

मंग त्यानं एक वही काढली. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, त्याची नऊ लक्षणं, अन् प्रत्येकापुढं तारखा. कवा ओरडली, कवा रडली, कवा म्हणाली मले सोडून नको जाऊ. सगळ्यात खाली वेदिकाच्या हातची चिठ्ठी, "मीच कापली असेन."

वेदिका आता बापाकडं होती, माया सुशीलकडं. सोमवारी कोर्ट ठरवणार होतं की पोट्टी कोणाजवळ राहीन, अन् त्यासाठी कोर्टानं केंद्राचा अहवाल मागवला होता. बाई धोकादायक आहे असं लिहून गेलं असतं, तं माया गेली होती तिच्या हातची.

ऋतुजानं वही वाचली अन् मनातल्या मनात नऊच्या नऊ लक्षणांवर बरोबरच्या खुणा केल्या. जुळत होतं बाप्पा सगळं.

कामिनीताईनं वही उघडलीही नाही. त्या फोटोच पाहत बसल्या. मंग एकच विचारलं, फोटो काढायच्या आधी मागाले कोणी हात लावला होता का. सुशील म्हणाला, कोणीच नाही, पुरावा आहे तो, मी कोणाले जवळही जाऊ दिलं नाही.

तो गेला. कामिनीताईनं चष्मा उतरवला.

"ऋतुजा, ही साडी रागात कापलेली नाही."

२

दुसऱ्या दिवशी वेदिका आली. भिवापूरकडची, मिरचीवाल्या शेतकऱ्याची पोरगी. सुशीलसोबत लव्ह मॅरेज, दोन्ही घरं नाराज, तरी केलं. ती खुर्चीच्या काठावर बसली अन् सगळ्यात आधी माफी मागितली. कशाची, ते तिलेही माहीत नव्हतं.

तिनं जे सांगितलं ते ऐकून ऋतुजाचं पेन थांबलं. सुशील सहसा हात उचलत नव्हता. तो तिले झोपू द्यायचा नाही. तू असं बोलली होती, नाही तू तसं बोलली होती, तुले आठवत नाही, तुह्या डोक्यात काहीतरी आहे. एक वस्तू जागेवरून हलायची अन् दोष तिचा. दुधाचं भांडं, मायाची वॉटरबॉटल, गॅसचं बटन. दीड वर्षात तिले स्वतःवरच भरवसा राहिला नाही. त्या गुरुवारच्या आधी दोन रात्री त्यानं तिले भिंतीशी उभी करून जागवलं होतं. गुरुवारी माया शाळेत गेली अन् ती जी पडली, ती उठली तवा हा समोर उभा अन् उशीपाशी कैची.

"मले काहीच आठवत नाही ताई," वेदिका म्हणाली. "पण मीच असन. मी तशीच आहे ना."

ती बाहेर गेल्यावर ऋतुजा हळूच म्हणाली की मॅडम, लक्षणं तं जुळतात. कामिनीताई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ज्या घरची जमीन रोज हलते, त्या घरची बाई लडखडते. तिच्या पायात खोट आहे का जमिनीत, हे आधी पाहावं लागते. अन् समज असला तिले आजार, तं? पंधरा वर्षांत अशी आजारी माणसं मी मारताना कमी पाहिली, मार खाताना जास्त.

मंग त्यांनी फोटो ऋतुजापुढं सरकवला अन् बोट ठेवलं. चिंध्यांवर नाही. चिंध्यांच्या मागं, मागाच्या लाकडी फणीच्या तोंडाशी.

तिथं कापलेले दोरे मोकळे लोंबत नव्हते. वीस-वीस, तीस-तीस दोऱ्यांचे झुपके करून, एका रांगेत गाठी मारल्या होत्या. बारीक, सारख्या, ओळीनं.

ऋतुजा म्हणे, मी फोटो डोळ्यापाशी धरला. रागानं आंधळी झालेली बाई, साडीच्या चिंध्या करते, अन् मंग बसून नीट गाठी मारते?

३

आता हे समजून घे, म्हणजे पुढची मजा कळंल. मागावर उभे दोरे असतात, त्याले ताणा म्हणतात. हजारो दोरे, अन् एकेक दोरा फणीच्या एकेका दातातून ओवलेला. कापड कापलं की पुढचे दोरे सुटतात अन् सुळकन फणीतून मागं निसटतात. मंग पुन्हा एकेक ओवत बसा आठ दिवस. म्हणून विणकर कापड कापलं की पहिले गाठी मारते. श्वास घेतल्यासारख्या, आपोआप. गाठ असली तं पुढचा ताणा तिथंच जोडता येते.

हे कामिनीताईले कसं माहीत? त्यांचं बालपण मागाच्या खड्ड्यापाशी गेलं होतं. चार महिन्यांत हे ऋतुजाले पहिल्यांदा कळलं.

घरचं सगळं वेदिकानंच सांगितलं होतं. ती तं मागावर कवाच बसली नव्हती. सासू तिले ताण्याजवळ फिरकू द्यायची नाही, दोरा तुटन म्हणून. अन् सुशील? पाचवीपासून त्याले मागाची लाज वाटायची, दोस्त घरी आले की तो मागावर चादर टाकायचा. त्याले ह्या गाठी दिसल्याच नाहीत, कारण त्यानं जन्मात कवा मायच्या हाताकडं पाहिलंच नव्हतं.

राहिला वसंत, सुशीलचा लहान भाऊ. वीस वर्षांचा होईस्तोवर मागावर बसलेला, आता ऑटो चालवते, बाजूच्या गल्लीत राहते. अन् त्याले तो माग घरातून काढायचाच होता, तिथं खोली बांधायची होती. ऋतुजाले खात्री पटली की चोर सापडला. गुरुवारी दुपारी ती इतवारीत गेली. वसंतचा स्टँड सुशीलच्याच दुकानासमोर.

तिथं तिनं आधी वेगळंच पाहिलं. दुकानाचा शेठ गिऱ्हाइकांसमोर सुशीलले झापून राहिला होता. गधा म्हणाला, मायवरून बोलला, हातातली पावती त्याच्या तोंडावर फेकली. सुशील वाकला, पावती उचलली, हसून हो शेठ म्हणाला. आवाज एक सूतही चढला नाही. ऋतुजानं ते मनात टिपून ठेवलं, काहून ते तिलेही कळलं नाही.

वसंत आधी काही बोलेना. भावाच्या दुकानाकडं पाठ करून उभा राहिला. ऋतुजानं फक्त विचारलं, त्या गुरुवारी तुम्ही कुठं होते.

"ऑटोवर. अन् खरं सांगू का, मायले मीच सोडलं भजनाले," तो म्हणाला. "दीड वाजता. चौकात उभी होती एकटी. पायात चप्पल नव्हती तिच्या. मी विचारलं तं म्हणे, विसरली."

अकरा नाही. दीड.

ऋतुजा धावतच परत आली, दुकानातलं अन् वसंतचं सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, वसंत खोटं बोलत असंल, आपली कातडी वाचवून राहिला असंल. कामिनीताईनं मान हलवली. ज्याले माग घराबाहेर पाहिजे, तो पुढचा ताणा जोडायची सोय कायले ठेवीन? गाठी त्यानं मारल्या, ज्याले परत विणायचं होतं. असं त्या घरात एकच माणूस होतं.

"पण ती तं तिची स्वतःची साडी होती," ऋतुजा म्हणाली.

"हो," कामिनीताई म्हणाल्या. "म्हणूनच मले भेव वाटून राहिलं."

४

शुक्रवारी जिजाबाईले बोलावलं. सोबत सुशील आलाच. आत यायची परवानगी नाही म्हटल्यावर तो दाराबाहेरच्या बाकावर बसला. दाराले दुधी काच होती अन् त्यात त्याची सावली दिसायची. जिजाबाई खुर्चीवर अशा बसल्या की तोंड कामिनीताईकडं अन् कान दाराकडं.

कामिनीताईनं साडीचा विषयच काढला नाही. आपल्या मायच्या गोष्टी सांगत बसल्या, ती कशी खड्ड्यात पाय सोडून बसायची, उन्हाळ्यात दोरा तुटू नये म्हणून खाली पाणी शिंपडायची. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून टसरच्या दोऱ्यांचा एक झुपका काढला, कापलेला, विस्कटलेला, अन् नुसता टेबलावर ठेवला. पुढं सरकवलाही नाही.

जिजाबाई सांगून राहिल्या होत्या की मी अकराले गेली होती बाई भजनाले, सून रागाची आहे, माझा पोरगा गरीब आहे. पाठ केलेलं बोलणं, एका चालीत.

अन् त्यांचे हात, वं, त्यांचे हात दोऱ्यांकडं गेले. बोटांनी झुपका विंचरला. वीस-वीस दोरे वेगळे झाले. अंगठा फिरला, गाठ. पुन्हा फिरला, पुन्हा गाठ. जिजाबाई पाहतही नव्हत्या खाली. तोंड खोटं बोलून राहिलं होतं अन् हात खरं. ऋतुजा म्हणे, मले वाटलं आपण देवळात उभं आहो अन् जोरानं बोललो तं पाप लागंल.

सात गाठी झाल्यावर कामिनीताईनं फोटो त्या गाठींच्या बाजूले ठेवला. अगदी तशाच, त्याच अंतरावर.

जिजाबाईनं खाली पाहिलं. हात जळल्यासारखे मागं घेतले. दारातली सावली उठून उभी राहिली होती.

"मले काही माहीत नाही," त्या पुटपुटल्या अन् उठून चालल्या गेल्या.

५

शनिवारी कामिनीताईनं तिघांनाही एका खोलीत बसवलं. कोपऱ्यात एक महिला पोलीस शिपाई खुर्ची टाकून बसली. वेदिका खिडकीशी, जिजाबाई भिंतीशी, सुशील मधात, पाय जवळ घेऊन, शाळेतल्या पोरासारखा.

कामिनीताईनं एकेक दोरा सोडवल्यासारखं सांगितलं. ह्या गाठी फोटोत आहेत. फोटो काढायच्या आधी कोणी हात लावला नाही, हे तुम्हीच सांगितलं. वेदिकाले ही गाठ येत नाही, तुम्हालेही येत नाही. ज्याले येते त्या वसंतले माग नकोच होता. अन् आई अकराले नाही, दीड वाजता घराबाहेर पडल्या, अनवाणी. म्हणजे साडी आईंनी कापली. पण अडीच महिन्यांचं काम कोणी हौसेनं कापत नाही. कोणीतरी समोर उभं होतं.



ऋतुजाले वाटलं आता हा टेबल पलटवंल. पण सुशीलचा चेहरा उलट मऊ झाला. तो मायकडं वळला अन् लय प्रेमानं म्हणाला, "मॅडम, मंग आईचंच डोकं फिरलं असंल. वय झालं. मी म्हणतच होतो घरात, तिले काही आठवत नाही. तिचंही लिहून घ्या."

वेदिकानं मान वर केली. तेच शब्द. त्याच आवाजात. तिले दीड वर्ष जे ऐकवलं, ते आता दुसऱ्या बाईच्या गळ्यात पडून राहिलं होतं, अन् ती पहिल्यांदा ते बाहेरून पाहत होती.

जिजाबाई लेकाकडं पाहत राहिल्या. मंग बोलल्या, एकदम सपाट.

"मले सगळं आठवते रे."

त्यांनी सांगितलं. गुरुवारी बारा वाजता सुशील घरी आला. कैची हातात दिली. म्हणाला, तूच काप. काहून म्हटलं, तं म्हणाला, तुह्या हातानं कापलं म्हणजे तू कोणाले सांगणार नाहीस. नाही म्हटलं तं मायाले होस्टेलात टाकीन, तुले तोंड दिसू देणार नाही. त्यांनी कापलं. तो कैची ठेवायले आतल्या खोलीत गेला, तेवढ्यात बोटांनी गाठी मारून टाकल्या. ठरवून नाही. दोरे निसटत होते, अन् ते पाहवलं नाही. मंग त्यानं फोटो काढला अन् त्यांना भजनाले हाकललं.

"लहानपणी बापाले असंच करताना पाहत होता," जिजाबाई म्हणाल्या. "मले वाटे, पोरगं पाहून शिकंल की असं करू नये."

आता सुशील रडला. खरे आसू, टपटप. म्हणाला, मंग मीच आजारी आहे मॅडम, मलेच पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, माझा ताबा नाही राहत माझ्यावर, माझंच लिहा. ऋतुजा सांगते, त्या क्षणी मले त्याची कीव आली. म्हणजे बघ, मले सांगतानाही तिले लाज वाटत होती.

"असंल," कामिनीताई म्हणाल्या. "डॉक्टर तपासून सांगतीन, मी इथं बसून शिक्का मारणार नाही. असला आजार तं इलाज करा, मी पत्ता देते. पण लोक म्हणतात राग आंधळा असते. तुमचा राग तं चांगला डोळस आहे, भाऊ. त्याले शेठ दिसते, गिऱ्हाईक दिसते, तिथं तो तोंड उघडत नाही. घरचं दार लागलं की त्याले बाई दिसते. आजार असं दार पाहून येत नाही."

सुशीलचे आसू थांबले. थांबले म्हणजे कसे, नळ बंद केल्यासारखे. त्यानं रुमालानं तोंड पुसलं, भांग सारखा केला, अन् मायले एवढंच म्हणाला, "घरी ये."

तो बाहेर जाऊन बाकावर बसला. वाट पाहत.

६

आता खरी गोष्ट इथं आहे.

कामिनीताईनं जिजाबाईचं बोलणं कागदावर लिहिलं, वाचून दाखवलं. गाठी म्हणजे शेवटी गाठी, कोर्टात वकील उडवून लावंल. जिजाबाईची सही झाली तं माया वेदिकाची. नाही झाली तं सोमवारी काहीही होऊ शकते. वेदिकाचा सगळा जीव त्या पेनाच्या टोकाशी आला होता.

जिजाबाईनं पेन घेतलं. कागदावर टेकवलं. अन् थांबल्या.

"सही करते बाई," त्या म्हणाल्या. "पण आज मी त्या घरी जेवायले बसू कशी, एवढं सांग."

काचेत सावली तशीच होती. ऋतुजाले वाटलं, आपण म्हणावं की करा ना लवकर, पोट्टीचा प्रश्न आहे. पण कामिनीताईनं हात पुढं केला अन् कागद आपल्याकडं ओढून घेतला. म्हणाल्या, जागा झाल्याबिगर सही नाही. वसंतचं घर बाजूच्याच गल्लीत, म्हणजे ते जमत नाही. सरकारी निवाऱ्यात आज शनिवार, विचारून पाहते. अन् त्यांनी फोन उचलला.

वेदिका खिडकीशीच होती. समोरची बाई म्हणजे जिनं कैची चालवली. जी दीड वर्ष भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती अन् मागाचा खटखट आवाज वाढवत होती, म्हणजे कमी ऐकू यावं. कालच ह्याच इमारतीत तिनं सून रागाची आहे म्हणून सांगितलं होतं. हे सगळं वेदिकाले ठाऊक होतं, कालचंही कामिनीताईनं तिच्यापासून लपवलं नव्हतं. तिचा चेहरा पांढरा झालेला, ओठ दाबलेले. ऋतुजा म्हणे, मी तिच्याकडं पाहून राहिली होती अन् मले खरंच वाटलं की ही आता थुंकंल.

मंग ती चालत आली अन् सासूच्या बाजूच्या खुर्चीवर बसली. हात धरला नाही, डोळ्यात पाहिलं नाही.

"माफ नाही केलं मी तुम्हाले," ती म्हणाली. "पण चला. भिवापूरची तीनची गाडी आहे. आमच्याकडं मिरच्या तोडायचं सुरू आहे, दिवसभर अंगणात बायाच बाया राहतात. तिथं तो ओरडू शकत नाही."

कामिनीताईनं फोन ठेवला. मंग विचारलं, हे सहीसाठी म्हणून राहिली का तू?

वेदिका सासूकडं वळली. "नाही केली सही तरी चला," ती म्हणाली.

ऋतुजा सांगते, एमएची दोन वर्षं, सगळी पुस्तकं, नऊ लक्षणांची यादी, अन् माणूस ह्यातून बाहेर निघून एवढं मोठं कसं होते, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. जिजाबाईनं कागद मागून घेतला अन् सही केली. महिला शिपाई त्या दोघींना मागच्या दारानं बसस्टँडवर घेऊन गेली. सोमवारी कोर्टातून माया आपल्या आईचं बोट धरून बाहेर आली, अन् दुसऱ्या हातात आजीचं बोट होतं.

पण मी त्या शनिवारच्या दुपारीच अडकली आहे. एक बाई, जिनं तुह्यावर खोटा आळ घेतला, तुले पागल ठरू दिलं, तुहं लेकरू जवळजवळ घालवलं. अन् सहीचा भरवसा नसताना तिले आपल्या बापाच्या घरी न्यायचं. कामिनीताईनं कागद ओढला तवा मी असती तं पहिले तो कागद परत हिसकला असता, खरं सांगते.

तू असती तं काय केलं असतं वं?